‘रणांगण’ आणि भ्रमनिरासाची भाषा

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये वास्तव्य करणाऱ्या अमेरिकन लेखकांना ‘हरवलेली पिढी’ म्हणण्याचा प्रघात आहे. गर्ट्रूड स्टाइन यांचा हा शब्दप्रयोग हेमिंग्वे यांनी १९२६ साली आपल्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या कादंबरीच्या आरंभी उद्धृत केला आणि तो रूढ झाला. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीतील वैफल्य पाहून तिलाही हेच नाव देण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो कितपत सयुक्तिक आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

या अमेरिकन लेखकांचे बंड मूलतः भाषेविषयीचे होते. हेमिंग्वे १९१८ साली इटलीच्या आघाडीवर जखमी झाले. डॉस पॅसॉस व कमिंग्ज यांनीही रुग्णवाहिका-पथकांत काम केले. ज्या उदात्त शब्दांनी तरुणांना युद्धावर धाडले, ते शब्दच त्यांना खोटे वाटू लागले. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या कादंबरीचा नायक त्याग, वैभव अशा भाववाचक नामांनी ओशाळतो. गावांची नावे आणि तारखा एवढ्यांचीच प्रतिष्ठा त्याच्या लेखी शिल्लक उरते. संयमित, विशेषणविरळ गद्य हे या अविश्वासाचेच फलित होय.

विदर्भात, अमरावतीस, १९०६ साली जन्मलेल्या बेडेकरांनी इंग्लंडच्या वास्तव्यानंतर ‘रणांगण’ लिहिली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट होते. कादंबरीत एकही लढाई नाही. तरीही शीर्षक मात्र वीरकाव्यातले! अमेरिकनांनी उदात्त शब्द टाकून दिला; बेडेकरांनी तो ठेवला, पण त्याची जागा बदलली. निर्वासितांनी भरलेल्या डेकवर येताच ‘रणांगण’ या शब्दातील शौर्य गळून पडते आणि संहार तेवढा उरतो. नायकाच्या आडनावातही हाच अर्थ दडलेला आहे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. पॅरिसमधील अमेरिकनांचा परदेशवास स्वेच्छेचा होता. घसरलेल्या फ्रँकमुळे त्यांच्या डॉलरला तेथे मोल होते आणि पुढे त्यांच्यापैकी बहुतेक स्वदेशी परतलेही. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर आरंभी त्यांच्याच जातीचा भासतो. पण त्याच्यासमोर हॅर्टा आहे. तो मुंबईस उतरतो. तिला उतरावयास भूमीच नाही, आणि पुढील प्रवासात ती समुद्राला जवळ करते. घर असलेल्याचा भ्रमनिरास आणि घर हिरावलेल्याचा सर्वनाश यांना एकाच बोटीवर आणून बेडेकरांनी पहिल्याची मर्यादा दाखविली आहे. चक्रधराची कटुता खोटी ठरत नाही, परंतु ती परवडणारी होती हे उघड होते.

म्हणून ‘रणांगण’ला ‘हरवलेल्या पिढी’ची मराठी आवृत्ती म्हणणे अपुरे आहे. ती पिढी एक युद्ध संपल्यावर लिहीत होती. ही कादंबरी दुसरे सुरू झाले त्याच वर्षी प्रकाशित झाली. तिच्यात युद्धाचा हिशेब मागून मांडलेला नाही. तो युद्धापूर्वीच, निर्वासितांच्या रूपाने, डेकवर येऊन उभा राहिला आहे. वाङ्मयेतिहासातील संज्ञा उसन्या घेताना हा कालक्रम आणि ही विषमता दृष्टीआड होता कामा नये.