शून्य पाहिले, सनद वाचली नाही

ग्वाल्हेर किल्ल्याच्या पूर्वेकडील चढावर खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे देवालय आहे. प्रवासी तेथे थांबतो तो मुख्यतः शिलालेखातील शून्यासाठी. विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ. स. ८७६ च्या ह्या लेखात २७० व ५० ह्या संख्यांत वाटोळे शून्य कोरलेले आहे. ‘जगातील पहिले शून्य’ हा त्याचा डंका खरा नव्हे. कंबोडियातील सांबोर येथील शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ च्या लेखात शून्याचे चिन्ह त्यापूर्वीच आढळते. परंतु आमची तक्रार ह्या अतिशयोक्तीपुरती नाही. त्या संख्या कशाच्या, हे प्रवाशाला क्वचितच सांगितले जाते, ही आमची खरी तक्रार आहे.

प्रतिहार राजा भोजाचा दुर्गपाल अल्ल ह्याने येथे देवस्थाने उभारली. दान दिले ते मात्र नगराने. फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली गेली. माळ्यांच्या मुख्यांनी रोज ५० माळा पुरवाव्यात, तेल्यांनी घाण्यामागे दिव्याचे तेल द्यावे, असे ठरले. दाता, मिळकत, तिचे माप, प्रयोजन आणि बांधील पक्ष ही दस्तऐवजाची सारी अंगे येथे आहेत. ज्याला आज आपण स्थानिकांचा सहभाग म्हणतो, त्याची ही कोरीव सनदच होय.

आजची व्यवस्था ह्या कसोटीवर उणी पडते. १९५८ च्या कायद्याने केंद्र-संरक्षित स्मारकांचे दगड राखले. २०१० च्या दुरुस्तीने भोवती १०० मीटर बांधकाम निषिद्ध केले आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रणाखाली आणले. हे आवश्यकच होते. तथापि वस्तीच्या वाट्याला त्यातून येते ती मुख्यतः मनाई. २०१७ साली वारसास्थळे ‘दत्तक’ देण्याची योजना निघाली, २०२३ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तीत सरकार एक पक्ष, धनिक संस्था दुसरा. पायथ्याची वस्ती पक्ष म्हणून कोठेच नाही. युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीतनगर म्हणून गौरविले. ते संगीत काही तटबंदीत राहत नाही. माणसांच्या गळ्यात राहते.

आमच्या गोमंतकीय वाचकांस हे नवे वाटू नये. गोव्यात देवस्थानांच्या महाजनांचे हक्क व कर्तव्ये सांगणारा १९३३ चा नियम आजही चालतो. त्यातील दोषही आपण जाणतो: जन्माने हक्क ठरतो, आणि सेवा करणारा पुष्कळदा कारभाराबाहेर राहतो. ग्वाल्हेरच्या लेखातही माळी व तेली येतात ते देणे लागणारे म्हणून. तेव्हा जुन्या रीतीची नक्कल नको. तिच्यातील नेमकेपणा तेवढा घ्यावा.

तो असा घ्यावा: तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक अंश पायथ्याच्या वस्तीकडे लेखी कराराने जावा, मार्गदर्शक, माळी, गायक ह्यांची कामे व मोबदला त्यात नमूद असावा, आणि त्या करारावर वस्तीची सही असावी. ‘सहभाग’ हा शब्द भाषणात गोड लागतो, पण आकड्यावाचून तो कोणालाही बांधीत नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या नगराने माळा मोजून लिहिल्या होत्या. त्यांतले शून्य दाखवून आम्ही प्रवाशाला परत पाठवितो आणि हिशेब दगडावरच राहतो.