जिवंत चेहऱ्याचा डेथ मास्क

ऑफिसमध्ये सीपीआरचं ट्रेनिंग होतं. ‘रेससी ॲन’ नावाच्या बाहुलीच्या छातीवर तीस वेळा दाब, मग तोंडाने दोन श्वास. तो चेहरा कुणाचा, हे मला नंतर कळलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत एका अनोळखी मुलीचं प्रेत सापडलं आणि शवागारात तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला, अशी कथा आहे. किंचित हसणाऱ्या त्या मुखवट्याच्या प्रती युरोपात घरोघरी भिंतींवर लागल्या. १९६०मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने तोच चेहरा बाहुलीला दिला.

घोळ एवढाच, की ती मुलगी मेलेली होती याचीच खात्री नाही. पाण्यात बुडालेला चेहरा इतका नितळ राहत नाही. हा जिवंत मॉडेलचा साचा असावा, असा संशय जुनाच आहे.

ट्रेसी एमिनचं ‘डेथ मास्क’ (२००२) मी फक्त स्क्रीनवर पाहिलंय, पण तेव्हापासून ही मुलगी डोक्यातून जात नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहातलं हे शिल्प म्हणजे एमिनच्या स्वतःच्या चेहऱ्याचा ब्राँझमधला ठसा. तेव्हा ती चाळिशीच्याही अलीकडे होती, आणि अर्थातच जिवंत.

आधी मला ही चलाखी वाटली. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर ओतायचं तर डोळे मिटावेच लागतात, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या आणि ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. वजनाने गालही जरा दबतात. म्हणजे साच्यातून कुणीही थोडं मेल्यासारखंच बाहेर येतं. शीर्षक काढून घ्या, झोपलेली बाई उरते! मार्क क्विनचं ‘सेल्फ’ (१९९१) त्यापेक्षा प्रामाणिक वाटायचं. स्वतःच्या सुमारे साडेचार लिटर रक्ताचं गोठवलेलं डोकं. वीज गेली की खलास. इंजिनिअरला असली डिपेन्डन्सी लगेच कळते.

पण मत बदललं ते या शीर्षकामुळेच. डेथ मास्क कधीच स्वतःचा स्वतः करता येत नाही. नेपोलियनचा असो की बेथोवनचा, तो मागे राहिलेल्यांनी घेतला. पॅरिसच्या त्या मुलीला तर नावही नाही. ती मेली हेसुद्धा इतरांनीच ठरवलं असेल, आणि तिच्या तोंडात श्वास फुंकायचा हेही. (त्यात मीही आलो. कुणी तिला विचारलं होतं?) एमिन हे ठरवण्याचं काम दुसऱ्याकडे जाऊच देत नाही. चेहरा माझा, साचा माझा, मेले असं म्हणणारीही मीच. शीर्षक खोटं आहे, आणि शिल्पाचा सगळा जोर त्या खोट्यातच आहे.

२०२०मध्ये एमिनला मूत्राशयाचा कर्करोग झाला, मोठी शस्त्रक्रिया झाली, ती वाचली. आता या शिल्पात भविष्यवाणी शोधण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. ब्राँझला काहीही माहीत नव्हतं. मला जास्त विचित्र वाटतं ते तिचं वय. डेथ मास्क म्हणजे माणसाचा शेवटचा, सर्वांत म्हातारा चेहरा. एमिनने तर साठी ओलांडली, आणि तिचा डेथ मास्क अजून तिशीतच आहे.