सात नंबरची खोली

३१ ऑक्टोबर जवळ आला की हॅलोविनला पाहायच्या सिनेमांच्या याद्या फिरायला लागतात. ‘सायको’, ‘द एक्झॉर्सिस्ट’, ‘द शायनिंग’ ही मंडळी त्यांत कायमची ठाण मांडून बसलेली. १९४३ सालच्या ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’चं नाव मात्र त्यांत क्वचितच येतं. कृष्णधवल, जेमतेम ७१ मिनिटांचा सिनेमा. भूत नाही, रक्त जवळजवळ नाही. सैतानाचे उपासक आहेत, पण खुद्द सैतानाचा पत्ता नाही. घाबरवायला दिग्दर्शकाच्या हाती काय, तर सावल्या आणि एक लाकडी खुर्ची. शेवट सांगितल्याशिवाय या सिनेमाबद्दल काहीच बोलता येत नाही. ज्यांना ते खपत नसेल त्यांनी आधी सिनेमा पाहून यावं.

मेरी गिब्सन निवासी शाळेत शिकते. मोठी बहीण जॅकलिन सोडली तर तिला कुणी नाही, आणि जॅकलिनकडून फी येणं बंद झालंय, तिचा ठावठिकाणाही नाही. बहिणीला शोधायला मेरी न्यूयॉर्कला येते. शोध तिला ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘दान्ते’ नावाच्या इटालियन खाणावळीत घेऊन जातो. वरच्या मजल्यावर सात नंबरची खोली जॅकलिनने भाड्याने घेतली आहे, पण ती तिथे राहत नाही. दार उघडलं जातं. पलंग नाही, कपाट नाही, साधा आरसाही नाही. मधोमध एक खुर्ची आणि तिच्यावर, छताला बांधलेला, दोरीचा फास.

इतर सिनेमांत असली खोली म्हणजे रहस्य, आणि रहस्याचा उलगडा शेवटी व्हायचा. इथे दहा-पंधरा मिनिटांत ती आपल्याला दाखवून टाकली आहे आणि तिचा अर्थही लगेच कळतो. जॅकलिनला मरायचं आहे असं नाही, मरण हाताशी असलेलं हवं आहे. ती खोली आहे म्हणूनच ती आजवर जगली, असा तिचा हिशेब. चाळीसच्या दशकातल्या हॉलिवूडने, तेही सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून, एखाद्या बाईच्या मनाची ही अवस्था इतकी सरळ मांडावी याचं आजही नवल वाटतं.

याचं श्रेय निर्माता वॅल ल्यूटनकडे जातं. याल्टात जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला आणि पुढे निर्माता सेल्झनिककडे संहिता-संपादक म्हणून राबलेला हा माणूस १९४२ मध्ये आरकेओ स्टुडिओच्या स्वस्त भयपटांचा प्रमुख झाला. स्टुडिओच्या अटी साध्या होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत आणि सिनेमाचं नाव वरून येणार. त्या भडक नावाखाली काय करायचं ते ल्यूटनने ठरवायचं. दिग्दर्शनासाठी त्याने आपला संकलक मार्क रॉबसन याला उभं केलं. रॉबसनचा हा पहिलाच सिनेमा. (पुढे ‘अर्थक्वेक’सारखे अवाढव्य सिनेमे करणारा रॉबसन तो हाच, यावर विश्वास बसत नाही.) शाळेतला भव्य जिनासुद्धा उसना आहे, ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी उभारलेल्या सेटचा. शाळा सोडून निघालेली मेरी तो जिना उतरते तेव्हा मागून मुलींच्या धडे घोकण्याचे आवाज येत असतात, आणि एक तरुण शिक्षिका तिला गाठून हळूच सांगते की परत येऊ नकोस. या शिक्षिकेचं काम तेवढंच. पण तिचं सगळं आयुष्य त्या एका सल्ल्यात कळून जातं.

भीतीचा पहिला मोठा तुकडा बोळातला. जॅकलिनच्या जुन्या कारखान्यात, तिथे सौंदर्यप्रसाधनं बनतात, मेरी रात्री एका खासगी गुप्तहेराला घेऊन शिरते. ऑगस्ट नावाचा हा गुप्तहेर बुटका, घामेजलेला, मेरीइतकाच घाबरलेला. लांबलचक अंधाऱ्या बोळाच्या टोकाला एक खोली आहे. तिथे कुणी जायचं? कोवळ्या वयाची मुलगी त्या प्रौढ पुरुषाला पुढे ढकलते. तो जातो, काळोखात दिसेनासा होतो, मग परत येतो. फक्त त्याची चाल जरा वेगळी वाटते. काही न बोलता तो चार पावलं टाकतो आणि कोसळतो. छायालेखक मुसुराकाचा कॅमेरा वार दाखवत नाही. चाल बदललेली दिसते तो क्षणच वारासारखा लागतो.

तिथून पळालेली मेरी भुयारी रेल्वेत बसून राहते. एका स्टेशनवर दोन पुरुष चढतात, पार्टीहून परतणाऱ्यांसारखे, मध्ये एका झिंगलेल्या मित्राला सावरत. तिघे समोरच बसतात. मग मधल्याचा चेहरा दिसतो आणि तो ऑगस्टचा असतो. मेरी कुणाला तरी बोलावून आणेपर्यंत ते तिघे नाहीसे झालेले. प्रेताची विल्हेवाट लावणारे लोक प्रेताला दारू प्यायलेल्या दोस्ताइतकं जपून नेतायत. पुढे स्नानगृहाच्या पडद्यापलीकडे टोपी घातलेल्या बाईची सावली उभी राहते आणि मेरीला गाव सोडायला सांगते. ‘सायको’ यायला अजून १७ वर्षं होती. पण या बाईच्या हाती चाकू नाही, तोंडी सल्ला आहे, आणि मला तो जास्त भिववतो.

कारण हा सगळा सिनेमा सभ्य माणसांचा आहे. सैतानाचे हे उपासक दिवाणखान्यात बसून चहा घेतात आणि हळू आवाजात चर्चा करतात. हिंसा त्यांना वर्ज्य आहे, पण पंथाचं गुपित फोडणाऱ्याला मरण हाही त्यांचाच नियम. आजवर सहा गेले, जॅकलिन सातवी. आता या दोन नियमांची सांगड कशी घालायची? ते तिला खुर्चीत बसवतात, शेजारी विषाचा पेला ठेवतात आणि पिण्याची विनंती करतात. कुणी दटावत नाही, कुणी हात लावत नाही. तास सरतात, आळीपाळीने समजूत घातली जाते, घरचं कुणी आजाऱ्याला औषध घ्यायला सांगावं तशी. जॅकलिन झालेल्या जीन ब्रुक्सचं काम इथे पाहावं: काळ्याभोर केसांच्या चौकटीतला पांढरा चेहरा, आणि हात पेल्याकडे सरकायला लागतो तेव्हा त्या चेहऱ्यावर उमटणारा थकवा. शेवटी पेला फोडते ती तिची मैत्रीण फ्रान्सेस, पंथातलीच, हुंदके देत. तिचं जॅकलिनवर प्रेम आहे. ते कुठल्या प्रकारचं हे सिनेमा बोलून दाखवत नाही आणि लपवतही नाही.

जॅकलिनला सोडलं जातं, पण एक चाकूवाला तिच्या मागावर धाडला जातो. रिकाम्या रस्त्यांवरचा तो पाठलाग ल्यूटनच्या हुकमी चालीतला आहे. नाटक सुटून मागच्या दारातून हसत-खिदळत बाहेर पडलेल्या नटांच्या घोळक्यामुळे ती वाचते, म्हणजे तिला वाचवणाऱ्यांना पत्ताही नसतो.

आणि मग जिन्यावर मिमी भेटते. एलिझाबेथ रसेलने तिला एवढीशी जागा पुरेशी करून दाखवली आहे. शेजारच्या खोलीतली ही खोकणारी, मरणाला टेकलेली बाई म्हणते की घरात पडून मरणाची वाट पाहायचा कंटाळा आला, आज नटूनथटून बाहेर जाणार. एकीला जगायचं आहे आणि दिवस उरलेले नाहीत. दुसरीकडे दिवस आहेत, पण ते नकोसे झालेत. दोघी आपापल्या दारात शिरतात. थोड्या वेळाने मिमी झकपक पोशाखात बाहेर पडते, सात नंबरच्या दारावरून जाताना आत खुर्ची पडल्याचा आवाज येतो. ती क्षणभर घुटमळते आणि जिना उतरून जाते. फास आपल्याला पुन्हा दिसत नाही. खुर्ची आपण आधीच पाहिलेली असते, त्यामुळे तेवढा आवाज पुरतो.

सिनेमात खोट आहे आणि ती दिसते. काही प्रसंग संकलनात उडाले, त्यामुळे मेरी आणि जॅकलिनचा नवरा यांचं प्रेम अचानक उगवल्यासारखं वाटतं. डॉक्टर जड हे पात्र तर ल्यूटनच्याच ‘कॅट पीपल’मध्ये मेलेलं. इथे ते टॉम कॉनवेच्याच रूपात ताजंतवानं हजर, आणि कुणी खुलासा करण्याच्या फंदात पडत नाही. सगळ्यांत कच्चा प्रसंग म्हणजे जड आणि कवी जेसन त्या चहावाल्या मंडळींना बायबलमधल्या प्रार्थनेची आठवण करून देऊन खजील करतात तो. दिवाणखान्यातल्या त्या विनंत्यांनी जी थंडी भरली होती ती हे प्रवचन घालवतं. तेवढ्यात चहा टाकायला उठलात तरी चालेल, फक्त मिमी दाराबाहेर पडायच्या आत परत या.