माईकखालचा राजा

दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर दशावतारी रंग तोंडाला लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये पडद्यावर आलेला त्यांचा बाबुली मेस्त्री तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर आपला माणूस ठरला. प्रभावळकर हे मुळात आवाजाचे नट. चिमणरावाचा कातर, धांदरट सूर, टिपऱ्यांच्या आबांचा मिश्कील, ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधीजींचा संथ, डोळे मिटून ऐकले तरी तिघे वेगवेगळे कळतात. ‘दशावतार’ चित्रपटावर जे लिहून आले त्यात मात्र रंगभूषा होती, कोकणातले रान होते, नटाच्या वयाचे कौतुक होते. म्हातारा दशावतारी बोलतो कसा, याची चिकित्सा माझ्या तरी वाचनात आली नाही. त्याचे नवलही वाटले नाही. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या जत्रांत गेली काही वर्षे हेच चालले आहे. ज्या कलेला लोक रात्रभर कान देऊन बसत, ती आता बघायची चीज होऊ लागली आहे.

या दोन तालुक्यांचे दशावताराशी नाते जुने आणि त्याचे कारण राजकीय. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. डिचोली त्याच्या थोडी आधी पोर्तुगीजांकडे गेली. पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या या नव्या काबिजादीतली देवळे जुन्या काबिजादीतल्यासारखी मोडली गेली नाहीत. म्हणून जत्रा टिकल्या, आणि जत्रा टिकल्या म्हणून कंपन्या येत राहिल्या. मोचेमाड, वालावल, खानोली, आजगाव ही गावे आज महाराष्ट्रात. पण त्यांच्या नावाच्या कंपन्यांना पेडण्यातली देवळे परकी नाहीत. सरहद्द आखणाऱ्यांनी जत्रांचे पंचांग पाहिलेले नव्हते. कार्तिकात सुरू झालेला हंगाम उन्हाळा सरेपर्यंत चालतो. पावसात राजा होणारा नट शेतात उतरतो.  

दशावतारी नाटकाला संहिता नसते. रात्री देवळाच्या मागच्या बाजूला पेटारे उघडतात, जो तो आरसा पुढ्यात घेऊन आपला रंग आपण लावतो, आणि तेवढ्यात मालक किंवा एखादा जाणता नट आजचे आख्यान सांगतो. तू राजा, तू ऋषी, तू राणी. दुसऱ्या प्रवेशात शाप, पुढे युद्ध. एवढ्यावर रात्र उभी राहते. समोर एक बाकडे असते. सिंहासन तेच, शिळा तीच, पर्वतही तोच. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. बाकीचे सारे तोंडाने उभे करायचे. राजा बाकड्यापाशी येऊन नाव, कूळ, पराक्रम सांगू लागतो. वाक्य लांबत जाते, क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवलेले. ते पडले की मृदंगावर थाप. समोरच्याने त्या थापेच्या आत आपले उत्तर जुळवायचे. राजाने ‘धर्म’ म्हणून वाक्य सोडले तर ऋषीने तोच धर्म उचलून त्याच्यावर उलटवायचा. ज्याला उचलता येत नाही तो कच्चा, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते तत्काळ कळते.

हा राजा बोलतो पोथी-कीर्तनातून आलेली जडशीळ मराठी. प्रवेश संपवून चहाला गेला की मालवणी. पण नाटकातही ती दुसरी जीभ आहेच. आख्यानाआधीच्या आडदशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो, काळ्या पेहरावातला, आणि तो सरळ मालवणीत तोंड उघडतो. पेडण्याच्या कोकणी कानांना ती शेजारघरची बोली. पहिल्याच वाक्याला हशा. तो गावच्या पुढाऱ्यालाही चिमटा काढतो आणि पुढारी पहिल्या रांगेत बसून हसतो, न हसून सांगतो कुणाला. एकाच रात्रीत, एकाच मंडपात भाषेची ही दोन्ही टोके ऐकायला मिळतात. एवढा पल्ला शहरी मराठी नाटकाकडे आज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माईक. बाकड्याच्या वर दोन-तीन माईक टांगलेले असतात. नट बाजूला सरकला की आवाज जातो, म्हणून नट सरकत नाही. युद्धसुद्धा त्या दोन हात जागेत उरकते. पूर्वी शब्द शेवटच्या खाजेवाल्यापर्यंत पोचवायला पोटातून काढावा लागे. आता घशातला पुरतो. तरी नट ओरडतो, कारण पायपेटीलाही स्वतंत्र माईक दिलेला असतो. देव प्रकट झाला की साउंडवाला घुमारा वाढवतो. विष्णू आला एवढे कळते, विष्णू काय म्हणाला ते कळत नाही. यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही, एवढ्या गर्दीच्या जत्रेत माईक लागणारच. पण साउंडवाला असतो मंडपवाल्याचा. मृदंगवाल्याला राजाचा श्वास ठाऊक असतो, याला आख्यानही ठाऊक नसते.

त्यात ट्रिकसीन. पत्रिकेवर ‘ट्रिकसीनयुक्त पौराणिक नाटक’ असे मोठ्या टायपात येते. धूर निघतो, नाग फणा काढतो, पोरेटोरे त्यासाठीच जागी राहतात. राहोत. माझी तक्रार वेळेची आहे. धुराला जेवढी मिनिटे द्यावीत तेवढी शापाआधीच्या सवालजवाबातून कापली जातात, आणि तो सवालजवाब हाच नाटकाचा गाभा. तरुण नटांवर मालिकांचाही परिणाम आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६ पासून मालवणी बोली घरोघर नेली, हे उपकार मोठेच. पण मालिकेची थांबून, मान वळवून, रोखून बघण्याची रीत मंडपात शिरली आहे. पडद्यावर ती पोकळी कॅमेरा भरून काढतो. मंडपात ती प्रेक्षकांच्या खोकल्याने भरते.

नटाच्या नुसत्या आवाजाला मोल देणारी उदाहरणे बाहेर आहेत. ब्रिटनमध्ये ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या कुटुंबाची श्राव्यमालिका १९५१ पासून बीबीसीवर चालू आहे. जून स्पेन्सर या नटीने १९५० च्या चाचणी भागांपासून तिच्यातली पेगी बोलायला घेतली आणि मधला खंड सोडला तर ती भूमिका २०२२ पर्यंत केली. तेव्हा त्यांचे वय १०३ होते. बर्नार्ड क्रिबिन्स नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणी सगळीकडे वावरले, पण एका अख्ख्या पिढीसाठी ते १९७३ च्या ‘वॉम्बल्स’ बालमालिकेचा आवाज होते. पाय थकले तरी गळ्याला तिथे काम असते. आपल्याकडे अशी सोय अगदीच नव्हती असे नाही. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, ज्यांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही त्या घरांतही ते घरचे होते. २०२० मध्ये ते गेले तेव्हा ९८ वर्षांचे होते. पेडण्याच्या राजाला ही सोय कधी मिळाली नाही. नभोनाट्य चालते लिहिलेल्या पानावर आणि घड्याळाच्या काट्यावर. दशावताऱ्याची सारी विद्या न लिहिलेल्यात. म्हणून गुडघे दुखायला लागले की हा नट घरी बसतो, आणि तासभर अडखळल्याशिवाय बोलू शकणारा गळा त्याच्यासोबत घरी बसतो.

आवाजावरून गोव्यात ओरड होतच नाही असे नाही. पणजीच्या कला अकादमीची वास्तू दुरुस्तीनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडली आणि तिथल्या ध्वनिव्यवस्थेवर रंगकर्मी तुटून पडले. पुढे विजय केंकरे यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमावे लागले. तो संताप रास्तच होता. पण त्यातला शतांश संताप जत्रेतल्या मंडपाच्या वाट्याला आलेला नाही, आणि गोव्यातला सामान्य माणूस वर्षाकाठी नाटक ऐकतो ते बहुधा तिथेच.

कला मरायला टेकली आहे असे मात्र कुणी म्हणू नये. मंडप भरतात. वेगवेगळ्या कंपन्यांतले निवडक नट एकत्र आणून होणाऱ्या संयुक्त दशावताराला तर उभे राहायला जागा नसते, आणि तिथे दोन पक्के बोलणारे समोरासमोर आले की ट्रिकसीनवाला आपसूक मागे पडतो. ओमप्रकाश चव्हाणांसारख्यांनी नावारूपाला आणलेला स्त्रीपार्ट अजून तरुणांना खुणावतो. ‘लोकराजा’ म्हणून ओळखले जाणारे सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले. त्यांची नाटके यूट्यूबवर आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण असली बहुतेक चित्रणे प्रेक्षकाने कर्ण्यासमोर उभे राहून मोबाईलवर केलेली असतात. मुकुटावरचा मणी न् मणी दिसतो आणि वाक्याचा उत्तरार्ध पायपेटीखाली जातो. उद्या कुणाला हा नट कसा बोलत होता ते शिकायचे असेल तर त्याच्या हाती मुकुट लागेल.

हे बोलणे टिकवायला मोठ्या योजना लागत नाहीत. बाकड्याला चिकटवलेला एक साधा रेकॉर्डर, आणि मृदंगवाल्यासारखा कंपनीच्याच गाडीतून येणारा, कंपनीचाच साउंडवाला. त्याचा खर्च कोण करणार, असे एका मालकाला विचारले तर तो म्हणाला, धुराचे यंत्र घेतले तेव्हा हे कुणीच विचारले नव्हते.