सोळा लेनची वाटणी

मिनी-आयटीएक्स मदरबोर्डमध्ये एक मिलिमीटरही वाया गेलेला नसतो. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली हा आकार आणला: १७० मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद. प्रोसेसर, रॅम आणि मागचे सगळे कनेक्टर बसवून झाले की कडेला जागा उरते ती एकाच स्लॉटपुरती. तिथे ग्राफिक्स कार्ड लावलं की नेटवर्क कार्ड कुठे लावायचं, हा प्रश्न छोट्या कॅबिनेटवर जीव असलेल्या प्रत्येकाला पडतो. त्यावरचा तोडगा म्हणजे बायफर्केशन रायझर. ही इवलीशी पट्टी मला फार देखणी रचना वाटते.

स्लॉट एक, त्यात खोचायची पट्टी एक, पट्टीवर स्लॉट दोन. दिसायला एवढंच. पण बोर्डाची तयारी नसेल, तर दोन कार्डं लावूनही मशीनला एकच दिसतं. पीसीआय एक्सप्रेसच्या त्या स्लॉटमध्ये सोळा लेन असतात आणि एरवी प्रोसेसर त्या सगळ्यांना मिळून एकच पोर्ट मानतो. नवव्या लेनपासून पुढे वेगळंच कार्ड बसलंय, हे त्याच्या गावीही नसतं. खरं तर प्रत्येक लेन स्वतंत्र असते: तारांची एक जोडी पाठवायला, एक घ्यायला. जुन्या पीसीआयमध्ये सगळी कार्डं सामायिक तारांवर बोलत. इथे वाटणीची सोय मुळातच आहे. हवी असते ती प्रोसेसरची संमती.

ती संमती कशी मिळते, ते बघण्यासारखं आहे. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अनेक पिढ्यांत हा निर्णय सीएफजी ५ आणि सीएफजी ६ या दोन पिनांवर होतो. दोन्ही मोकळ्या सोडल्या तर सोळा लेन एकत्र. फक्त पाचवी एका रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडली, की आठ-आठ. दोन्ही जोडल्या, की आठ, चार, चार. सुरू होतानाच प्रोसेसर या पिना वाचतो आणि त्याप्रमाणे पोर्ट मांडतो. एवढ्या मोठ्या फेरबदलासाठी एवढीशी खूण! काही बोर्डांवर हेच काम बायॉसमधला एक पर्याय करतो.

पट्टीवरची खरी कारागिरी मात्र घड्याळाच्या चिपमध्ये आहे. स्लॉटच्या ए१३ आणि ए१४ या पिनांवर १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ-ठोका येतो, तोही एकच जोडी. कार्डं दोन, ठोका एक. तारेला नुसता फाटा काढला तर सिग्नल परावर्तित होऊन बिघडतो. म्हणून चांगल्या रायझरवर क्लॉक बफर असतो. तो आलेला ठोका प्रत्येक कार्डासाठी नव्याने, स्वच्छ काढून देतो. रायझर विकत घेताना मी आधी ही चिप शोधावी असं सांगेन, दिखाऊ केबल नंतर. विजेचाही हिशोब हवा: स्लॉटची मर्यादा ७५ वॉटची, त्यामुळे भुकेल्या कार्डांना वेगळी जोडणी लागते.

वाटणीने वेग निम्मा होतो, ही भीती बहुधा फुकाची. तिसऱ्या पिढीच्या आठ लेनमधून प्रत्येक दिशेला सेकंदाला जवळजवळ ७.९ गिगाबाइट जातात. दहा गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला सव्वा गिगाबाइट पुरतात. म्हणूनच बोर्ड बनवणाऱ्यांनी वाटणीचा पर्याय बायॉसमध्ये उघडा ठेवावा आणि पुस्तिकेत ठळक छापावा.