अशोकाचें पांचवें स्तंभशासन व समुद्रांतील मत्स्यरक्षण

समुद्रांतील मासळीच्या रक्षणाविषयीं जें लिहिलें जातें त्यांत आरंभीं अशोक, कौटिल्य व चालुक्य सोमेश्वर यांचीं नांवें घालण्याची चाल पडली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५० च्या सुमारास अशोकाच्या पांचव्या स्तंभशासनास मत्स्यव्यवसायाचा कायदा असें नांव दिलें. होरांचा मत्स्यविद्येंतील अधिकार निर्विवाद आहे. प्राचीन ग्रंथांकडे शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहण्याचें त्यांचें कार्यही मोलाचें आहे. परंतु त्या नांवावरून पुढें कित्येकांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी-बंदी म्हणजे मौर्यकालीन धोरणाचीच संतति होय. हा निष्कर्ष मूळ लेखाशीं ताडून पाहणें अवश्य आहे.

राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या या शासनांत मासा मारूं नये व विकूंही नये असे दिवस सांगितले आहेत. ते असे : तीन चातुर्मासी पौर्णिमा, म्हणजे फाल्गुन, आषाढ व कार्तिक या महिन्यांच्या, आणि चौथी तिष्य, म्हणजे पौष पौर्णिमा, या प्रत्येकीस चतुर्दशी, पौर्णिमा व प्रतिपदा असे तीन दिवस, शिवाय उपवसथाचे दिवस. उपवसथ मिळविले म्हणजे संख्या वाढते खरी, परंतु ते दिवस वर्षभर विखुरलेले आहेत. माशांच्या विणीचा काळ सांभाळावयाचा असता तर बंदी पावसाळ्यांत सलग असावयास हवी होती. येथें पावसाळ्यांतील आषाढी पौर्णिमेस जे तीन दिवस मिळतात, तेच ऐन थंडींतील पौषीसही मिळतात! याहून निर्णायक पुरावा त्याच लेखांत पुढें आहे. याच दिवशीं नागवनांत व केवटभोगांत, म्हणजे कोळ्यांच्या राखीव जलाशयांत, इतर प्राणीही मारूं नयेत असें म्हटलें आहे. आणि बैल, बोकड, मेंढे यांचें खच्चीकरण व घोड्यांस डाग देणें यांसही बहुतेक अशाच पर्वतिथि वर्ज्य केल्या आहेत. घोड्यास डाग देण्याचा व माशाच्या विणीचा संबंध कोण लावील? येथें तिथीचें पावित्र्य हेंच कारण आहे; मासळी सरेल ही चिंता नाहीं. शिवाय हें शासन ज्या स्तंभांवर आहे ते सर्व उत्तरेंत, समुद्रापासून दूर उभारलेले. आमच्या किनाऱ्यावर सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलाशासनांचे तुकडे मिळाले, आणि भीमेच्याच काठीं सन्नतीसही त्याचीं शासनें सांपडलीं. त्यांत हें पांचवें नाहीं.

कौटिल्याचें प्रकरण थोडक्यांत आटोपेल. नावध्यक्षाच्या अध्यायांत मासे धरणाऱ्यांनीं सहावा हिस्सा नौकेच्या भाड्यादाखल द्यावा असें आहे. सेतूंतील मासळीवर राजाचें स्वामित्व सांगितलें आहे. ही महसुलाची व्यवस्था झाली. सूनाध्यक्षाच्या अध्यायांत अभय दिलेल्या पशुपक्षिमत्स्यांस मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे, तें मात्र आजच्या अभयारण्याच्या कल्पनेजवळ येतें. १९८७ साली मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं जें सागरी अभयारण्य जाहीर झालें, त्याचा पूर्वज शोधावयाचाच तर तो येथें शोधावा, अशोकाच्या शासनांत नव्हे.

सोलापूरसारख्या कोरड्या मुलखांत बसून आम्ही समुद्राविषयीं लिहितों याचें कोणास नवल वाटेल. पण सोमेश्वराची कल्याणी येथून पूर्वेस फार दूर नाहीं. आमचा हा प्रांत त्याच्याच राज्यांतला. बाराव्या शतकांतील त्याच्या 'मानसोल्लासा'चे शंभर अध्याय गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत बडोद्यास छापले आहेत. त्यांतील मत्स्यविनोद वाचतांना आश्चर्य वाटतें. समुद्रांतले कोणते मासे, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कसलें आमिष घालावें, हें सारें त्यांत आहे. माशांच्या संवयींचें एवढें ज्ञान असलेला हा ग्रंथकार मासे कमी होतील असें मात्र कोठें म्हणत नाहीं. अध्यायाचें नांवच विनोद आहे. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. दोरी व गळ घेऊन बसलेल्या राजास ती शंका यावी कशी?

मग पावसाळी बंदी आली कोठून? आमच्या मतें तिचें मूळ कोणत्याही संस्कृत ग्रंथांत नसून कोळ्यांच्या रूढींत आहे. पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या व नारळी पौर्णिमेस नारळ अर्पून दर्या खुला करावयाचा, हा तो नियम. तो पाळविणारा खरा अधिकारी वारा होता. शिडाच्या होडीस त्या तुफानांत जातां येत नसे, आणि अनेक जातींची वीण त्या काळांत होत असल्यामुळें मासळी आपोआप वांचत असे. होडीस यंत्र बसलें आणि वाऱ्याचा अधिकार गेला. महाराष्ट्रानें १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा अधिनियम केला, २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०२३ साली चौपन्न जातींच्या माशांचें किमान आकारमान ठरविलें. हीं नवीं कामें आहेत, त्यांस जुनें नांव लावल्यानें त्यांचें नवेपण झांकतें. तशांत राज्याचा अधिकार बारा सागरी मैलांपर्यंतच. पुढें दोनशें मैलांपर्यंत केंद्राचा. जगांतील ज्या ६६ मोठ्या सागरी परिसंस्था गणितात त्यांत संपूर्ण अरबी समुद्र ही एकच परिसंस्था आहे, आणि पापलेटास बाराव्या मैलावरची रेघ दिसत नाहीं.

येथें पंचांगाची एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. कायद्याची बंदी ३१ जुलैस संपते. नारळी पौर्णिमा २०२० साली ३ ऑगस्टला आली, तर २०२३ साली अधिक श्रावणामुळें ३० ऑगस्टला. म्हणजे एका वर्षीं तीन, तर दुसऱ्या वर्षीं तीस दिवस रूढि कायद्याहून कडक ठरते. पाऊस सौरमानानें येतो, सबब कायद्याची ठराविक तारीख तत्त्वतः योग्य आहे, हें आम्हांस मान्य. पण तिचा शेवट नारळी पौर्णिमेच्या आधींच कां यावा, याचें समाधानकारक कारण आम्हांस आढळलें नाहीं.

उत्तर कोंकणांत डोल जाळीं ज्या खुंटांस बांधितात त्यांच्या जागा गांवोगांव रूढीनें ठरलेल्या असतात. कोणीं कोठें व किती जाळीं लावावीं हें ठरविणारी अशी व्यवस्था आम्हांस वरील तिन्ही ग्रंथांत मिळाली नाहीं. ठाणें, मुंबई व रायगड जिल्ह्यांतील कोळीवाड्यांच्या जुन्या तक्रारी, निवाडे व करारपत्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास तीं प्रसिद्ध व्हावींत.