समासातले एक नाव

फराळाच्या ताटाशेजारी रोगांवरचे पुस्तक उघडून बसणाऱ्या माणसाला घरची मंडळी काय काय म्हणतात, ते मी गेल्या दिवाळीत पुरेपूर ऐकून घेतले आहे. पण ज्या पुस्तकातली पहिलीच आकृती बटाट्याच्या कोंभातल्या पेशींची, त्याला अभद्र तरी कसे म्हणावे?

मी मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वैद्यकातले मला ओ की ठो कळत नाही. तरीही एका डॉक्टर स्नेह्याच्या कपाटातून रूडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाची पेशींवरील व्याख्याने मागून आणली आणि फ्रँक चान्सच्या १८६० सालच्या इंग्रजी भाषांतरातून, शब्दकोश मांडीवर घेऊन, ती पुरी केली.

ही २० व्याख्याने १८५८ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बर्लिनमध्ये झाली. श्रोते बहुतेक व्यवसाय करणारे डॉक्टर. एका विद्यार्थ्याने ती लघुलिपीत उतरवून घेतली, आणि त्याच वर्षी १४४ आकृत्यांसह ती छापून निघाली. बोलण्यातला ताजेपणा त्यामुळे पुस्तकभर टिकला आहे. फिरखो सिद्धांत सांगून मोकळा होत नाही. आधी वनस्पतीची पेशी, मग कूर्चेची, मग रक्ताची असे दाखवीत तो वाचकाला सूक्ष्मदर्शकाशी बसवतो. शिक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटला.

त्याच्या आधीच्या कित्येक विद्वानांना वाटे की, पाण्यात मिठाचे खडे धरावेत तशा पेशी आकारहीन द्रवातून जमतात. फिरखोचे म्हणणे असे की, पेशी पेशीपासूनच जन्मते. गाठ म्हणजे बाहेरून शिरलेले भूत नव्हे, ती आपल्याच ऊतींची बिघडलेली वागणूक. आज घरातल्या कुणाच्या गाठीचा तुकडा तपासणीला जातो आणि सारे घर अहवालाची वाट पाहत बसते. तेव्हा भिंगाशी बसलेला माणूस हेच पाहत असतो, की या पेशी आपल्या मूळ ऊतीची रीत पाळतात की नाही.

शरीर हे फिरखोच्या लेखी एका राजाचे राज्य नसून पेशींचा समाज आहे. त्यात प्रत्येक पेशी नागरिक. ही उपमा नुसत्या अलंकारासाठी आलेली नाही. १८४८ साली सरकारने त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवले, तेव्हा त्याने नुसत्या औषधांवर न थांबता तिथल्या दरिद्री जनतेसाठी शिक्षण आणि स्वातंत्र्य मागितले होते.

पण इथेच ही उपमा तिच्या कर्त्यावर उलटते. पेशी दुभंगूनच नव्या पेशी होतात, हे रॉबर्ट रेमाक याने १८५२ साली मांडले होते. फिरखोने १८५५ साली तेच तत्त्व घोषवाक्यासारखे पुढे केले, रेमाकचे नाव न घेता. रेमाकने पत्र लिहून त्याला बोलही लावला. ज्यू असल्यामुळे रेमाकला प्रशियात पूर्ण प्राध्यापकपद कधी मिळाले नाही; निदान त्याचा शोध तरी त्याच्या नावावर राहायला हवा होता. फिरखोने ते तत्त्व रोगांच्या साऱ्या प्रांतात नेले हे खरे. पण पाया ज्याचा त्याला दिल्याने इमारत ठेंगणी होत नसते.

हे लिहिताना माझा हात अडखळतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीतले पुराचे प्रकरण वाचकांनी वाखाणले. ते आमच्या शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाने घंटेच्या दोन टोलांमधल्या वेळात मला सांगितलेले, जवळजवळ त्याच्याच शब्दांत उतरलेले आहे. प्रस्तावनेत मी प्रकाशकाचे आभार मानले, मुद्रकाचेही मानले. शिपाईबुवांचे मानले नाहीत. आता ते हयात नाहीत.

फिरखोचे पुस्तक जरूर वाचावे. पाहावे कसे, हे ते शिकवते. परत करताना मी स्नेह्याच्या परवानगीने समासात पेन्सिलीने ‘रेमाक’ एवढेच लिहिले. मग घरी येऊन माझी कादंबरी काढली आणि पुराच्या प्रकरणापाशी, तिथे मात्र शाईने, आणखी एक नाव लिहिले.